टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप : कधी बदलायचे, कोणत्या क्रमाने बदलायचे

टायमिंग बेल्ट म्हणजे क्रँकशाफ्ट (पिस्टनने फिरणारा दांडा) आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना एका तालात फिरवणारा दातेरी पट्टा. त्याच्या कामात इंदुरात त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा होतात. किलोमीटर मोजले जातात, वर्षं मोजली जात नाहीत. बेल्ट नवा येतो, पण टेन्शनर (बेल्ट ताणणारं चाक), आयडलर (बेल्टला वळण देणारं चाक) आणि वॉटर पंप (इंजिन थंड ठेवणारं कूलंट फिरवणारा) जुनेच राहतात. आणि बेल्ट चढवल्यावर इंजिन हाताने फिरवून पाहायच्या आधीच चावी फिरवली जाते. पहिल्या चुकीने बेल्ट रस्त्यात तुटतो. दुसरीने काही महिन्यांत तेच काम दुसऱ्यांदा करावं लागतं. तिसरी सगळ्यात वाईट, कारण तिच्यात पिस्टन आदळून व्हॉल्व्ह गॅरेजमध्येच वाकतात.

पुढचे टप्पे स्वतः पाना-पक्कड हाती घेणाऱ्यांसाठी आहेत, तसेच मिस्त्रीजवळ उभं राहून काम करून घेणाऱ्यांसाठीही. दुसऱ्या प्रकारच्या वाचकांनी टप्पा २, ३ आणि ८ नीट वाचावेत, कारण तिथे काय होतं ते मालकाला स्वतः पाहता येतं.

टप्पा १ : आपल्या गाडीत बेल्ट आहे का, आणि पंप कशावर फिरतो

सगळ्या गाड्यांत टायमिंग बेल्ट नसतो. स्विफ्ट आणि डिझायरच्या १.३ डीडीआयएस डिझेलमध्ये चेन आहे, अल्टो के१० मध्येही चेन. डस्टर, टेरानो आणि व्हेरिटोचं १.५ डीसीआय, पोलो-व्हेंटो-रॅपिडचं १.५ टीडीआय, फिगो आणि इकोस्पोर्टचं १.५ टीडीसीआय, जुन्या इनोव्हाचं २.५ डिझेल, मारुती ८०० आणि अल्टो ८००, या सगळ्यांत बेल्ट आहे. गाडीच्या नावावरून ठरवू नका, इंजिनावरून ठरवा. एकाच नावाच्या गाडीत एका इंजिनाला चेन आणि दुसऱ्याला बेल्ट असू शकतो.

दुसरा प्रश्न पंपाचा. तिथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून तीन प्रकार वेगळे लक्षात ठेवा.

डस्टरचं १.५ डीसीआय, फोक्सवॅगनचं १.५ टीडीआय आणि फोर्डचं १.५ टीडीसीआय यांत वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो. इथे बेल्टबरोबर पंप बदलायचाच, यात पर्याय नाही.

जुन्या इनोव्हाच्या २.५ डिझेलमध्ये पंप बाहेरच्या बेल्टवर आहे. तो टायमिंग बेल्टच्या वेळी तपासायचा आणि खराब असेल तरच बदलायचा. ‘किट’च्या नावाखाली चांगला पंप बदलून घेण्याची गरज नाही.

फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० टीएसआय पेट्रोलमध्ये पंपाला स्वतःचा छोटा दातेरी बेल्ट असतो. तो कॅमशाफ्टच्या गिअरबॉक्सकडच्या टोकावरून चालतो. मुख्य बेल्ट बदलला म्हणजे हा छोटा बेल्टही बदलला असं समजू नका. बिलात तो वेगळा लिहिलेला दिसला पाहिजे.

टप्पा २ : वेळ कशी ठरवायची

गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत दोन आकडे असतात, किलोमीटर आणि वर्षं. अनेक गाड्यांसाठी ते ६०,००० ते १,००,००० किलोमीटर किंवा ४ ते ६ वर्षं असे असतात. काही नव्या इंजिनांत मुदत याहून लांब असते. यांतलं जे आधी येईल ते खरं. रबर गाडी उभी असतानाही म्हातारं होतं. सुदामा नगरच्या घराखाली सात वर्षं उभी राहून ३०,००० किलोमीटर चाललेल्या गाडीचा बेल्ट वर्षांच्या हिशोबाने संपलेला असतो, मग मीटर काहीही म्हणो.

किलोमीटरच्या आकड्यातही एक मेख आहे. बेल्ट रस्ता मोजत नाही, इंजिनाच्या फेऱ्या सोसतो. गाडी कायम हायवेवर ६० च्या सरासरीने चालली तर ६०,००० किलोमीटरला १,००० तास लागतात. राजवाडा, जवाहर मार्ग, पलासिया अशा गर्दीत सरासरी २० ची पडली तर त्याच ६०,००० ला ३,००० तास होतात. सिग्नलवर उभ्या गाडीचं इंजिन चालूच असतं, एसी लावलेला असतो आणि बॉनेटखाली उष्णता कोंडलेली असते. म्हणून शहरात फिरणाऱ्या गाडीने पुस्तिकेच्या आकड्यातून एक पंचमांश कमी करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. ८०,००० लिहिले असतील तर ६४,००० ला गाडी कामाला लावा. पुस्तिकेत ‘कठीण वापर’ असा वेगळा तक्ता असेल तर शहरातल्या गाडीने तोच धरावा.

मुदतीची वाट न पाहता लगेच बदलायचे प्रसंगही आहेत.

जुनी गाडी घेतली आणि बेल्टचं बिल नाही. दिल्लीकडून आलेल्या डिझेल गाड्या इकडच्या बाजारात पुष्कळ असतात आणि विकणारा ‘बेल्ट नया है’ असं तोंडी सांगतो. बिलावर तारीख, मीटर आणि पार्ट नंबर नसेल तर बेल्ट जुना धरायचा.

बेल्टवर इंजिन ऑइल, डिझेल किंवा कूलंट पडलेलं आहे. पुसून चालत नाही. तेल रबरात मुरतं, दाते मऊ पडतात आणि सोलून निघतात.

पंप, टेन्शनर किंवा आयडलर आवाज करतोय.

पावसाळ्यात गाडी बंपरच्या वरपर्यंत पाण्यात उभी होती. कव्हर उघडून आत गाळ दिसला की बेल्ट आणि बेअरिंगा दोन्ही बदलायच्या.

सावध : वरचं कव्हर उघडून बेल्ट पाहून ‘अभी पाँच-दस हजार और चल जाएगा’ असं सांगितलं जातं. यावर विसंबू नका. हल्लीच्या एचएनबीआर रबराच्या बेल्टवर तुटण्याआधी भेग दिसेलच असं नाही. भेग, तुटका दात किंवा उसवलेली कड दिसली तर बेल्ट नक्की खराब आहे. पण काही दिसलं नाही म्हणजे तो चांगला आहे, असा उलटा अर्थ काढता येत नाही.

पंप जायला लागला तर तो मात्र सांगतो. त्याच्या अंगावर एक बारीक निचऱ्याचं छिद्र असतं. आतलं सील झिजलं की कूलंट तिथून पाझरतं आणि वाळून हिरवी, गुलाबी किंवा पांढरी खपली धरते. जमिनीवर थेंब नसतो, तरी कूलंटच्या टाकीतली पातळी महिन्या-महिन्याला खाली जाते. हे दिसलं की बेल्टची मुदत उरलेली असली तरी काम लगेच काढा. बेल्टवर चालणारा पंप अडकला तर तो बेल्टच्या दातांना सोलून काढतो.

टप्पा ३ : सामान आधी, गाडी नंतर

सगळं सामान समोर आल्याशिवाय गाडी उघडू देऊ नका. अर्धी उघडलेली गाडी आणि बाजारात न मिळणारा आयडलर अशी गाठ पडली की ‘पुराना ही लगा देते हैं’ हे वाक्य येतं.

घ्यायचं सामान : टायमिंग बेल्ट, टेन्शनर, जितके असतील तितके आयडलर, वॉटर पंप आणि त्याचं गॅस्केट किंवा ओ-रिंग, क्रँक पुलीचा नवा बोल्ट (टॉर्कनंतर ठरलेले अंश फिरवून कसायचा असेल तर), बाहेरचा फॅन बेल्ट, कूलंट. कॅमशाफ्ट आणि क्रँकशाफ्टचं पुढचं ऑइल सील आणून ठेवा. गळती दिसली तर लावायचं, नाहीतर परत करायचं.

पार्ट चॅसी नंबर देऊन मागा. एकाच इंजिनाचे वेगळ्या वर्षांचे बेल्ट दिसायला सारखे असतात, पण एखाद्या दाताने किंवा रुंदीत वेगळे निघतात. दुकानातच नवा बेल्ट हातात घेऊन बनण्याची तारीख पाहा. शेल्फवर चार वर्षं पडलेला बेल्ट घेऊ नका. तो मुडपून, पिळून किंवा उलटा करून पाहू नका आणि कोणाला करू देऊ नका. आतले काचेच्या धाग्याचे दोर मुडपले की तिथेच तुटतात, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

पंप हातात घेऊन शाफ्ट फिरवा. खरखर नको आणि बाजूला हलवल्यावर खेळ नको. आतला पंखा जुन्या पंपासारखाच आहे ना, पात्यांची दिशा आणि उंची जुळते ना, हे जुना पंप निघाल्यावर दोन्ही शेजारी ठेवून पाहायचं आहे.

कूलंट रंगावरून विकत घेऊ नका. हिरवा, लाल, गुलाबी हे फक्त रंग आहेत. पुस्तिकेत लिहिलेला दर्जा डब्यावर लिहिलेला हवा. सांद्र कूलंट घेतलं तर डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं मिसळा. बोअरचं पाणी अजिबात नको. माळव्याच्या खडकातलं पाणी जड आहे. त्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतो आणि पंपाच्या सीलची घासणारी बाजू खरवडतो. नळाला नर्मदेचं पाणी येत असलं तरी ते पिण्यासाठी आहे, इंजिनासाठी नाही.

हत्यारांत टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोराने कसणारा पाना) आणि त्या इंजिनाच्या लॉकिंग पिना (क्रँक आणि कॅम नेमक्या जागी धरणाऱ्या) हव्यातच. मिस्त्रीकडे पिना नसतील आणि इंजिनाला पिना लागत असतील, तर दुसरा मिस्त्री शोधा.

टप्पा ४ : गाडी उघडणे

१. इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभी गाडी उत्तम. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडलं तर चेहरा भाजतो, आणि गरम इंजिनावर बेल्टचा ताणही चुकीचा बसतो.
२. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा.
३. बेल्टच्या बाजूचं पुढचं चाक (बहुतेक गाड्यांत उजवं) काढा, गाडी जॅक स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका.
४. कूलंट खाली भांड्यात काढा. हे गोड लागतं आणि विषारी असतं. गल्लीतली कुत्री पितात आणि मरतात. भांडं झाका, गटारात ओतू नका.
५. ऑइल चेंबरखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकने इंजिनाला आधार द्या, मगच त्या बाजूचं इंजिन माउंटिंग काढा.
६. फॅन बेल्ट, मग कव्हर. क्रँक पुलीचा बोल्ट टप्पा ५ मध्ये टायमिंग पक्कं झाल्यावर, बेल्ट काढायच्या आधी सोडवायचा.

तपासा : कव्हर निघाल्यावर आतल्या बाजूला काय आहे ते बघा. काळा रबराचा भुगा, ओलं तेल, कूलंटची खपली, प्रत्येकाचा फोटो घ्या. तेल दिसलं तर ते वरच्या कॅम सीलमधून आलंय की खालच्या क्रँक सीलमधून, हे आत्ताच ठरवा. नवा बेल्ट चढल्यावर ते कळणार नाही.

टप्पा ५ : टायमिंग पक्कं करणे

क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक होतो. म्हणून क्रँकची खूण जुळली एवढ्यावर भागत नाही. त्याच खुणेवर कॅम अर्धा फेरा उलटा असू शकतो. दोन्ही खुणा एकाच वेळी जुळल्या पाहिजेत.

१. क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या चालण्याच्या दिशेने फिरवा. बहुतेक गाड्यांत पुलीकडून पाहताना ती घड्याळाच्या काट्यांची दिशा असते. कॅमच्या बोल्टने इंजिन कधीच फिरवायचं नाही.
२. पेट्रोल गाडीत आधी स्पार्क प्लग काढले तर इंजिन हलकं फिरतं आणि खुणेवर नेमकं थांबवता येतं.
३. खुणा जुळल्यावर पिना घाला. डस्टरच्या १.५ डीसीआयमध्ये क्रँकची पिन ब्लॉकमधला प्लग काढून आत जाते आणि कॅमची पिन चाकाच्या छिद्रातून हेडमध्ये. फोक्सवॅगनच्या टीडीआयमध्ये कॅमबरोबर हाय-प्रेशर डिझेल पंपाचं चाकही पिनने अडवावं लागतं.

सावध : पिन ही फक्त जागा दाखवण्यासाठी असते. तिच्या आधाराने क्रँकचा घट्ट बोल्ट सोडवायला गेलात तर पिन वाकते किंवा ब्लॉक फुटतो. बोल्ट सोडवायला फ्लायव्हील अडवायचं वेगळं हत्यार वापरा.

व्हाइटनरने जुन्या बेल्टवर आणि चाकांवर खुणा करून त्यावरच काम उरकण्याची पद्धत सर्रास आहे. जादा खात्री म्हणून खुणा जरूर करा. पण जुना बेल्ट आधीच एक दात सरकलेला असेल तर त्या खुणा तीच चूक नव्या बेल्टवर उतरवतात. कंपनीच्या खुणा आणि पिना हेच खरं.

आता टेन्शनर सैल करा आणि बेल्ट काढा. यापुढे बेल्ट चढेपर्यंत क्रँक किंवा कॅम हलवायचा नाही, आणि चावीला कोणी हात लावायचा नाही. चावी आपल्या खिशात ठेवा.

टप्पा ६ : पंप बसवणे

जुना पंप काढताना ब्लॉकमध्ये उरलेलं कूलंट खाली येतं. ते क्रँकच्या चाकावर आणि सीलवर पडू नये म्हणून आधीच कापड लावा.

ब्लॉकवरची पंपाची जागा प्लास्टिकच्या खरवडणीने साफ करा. अॅल्युमिनियमवर ग्राइंडरची चकती किंवा जाड पॉलिश पेपर फिरवला की खड्डे पडतात आणि नवा पंपही गळतो. बोल्टच्या भोकांतलं पाणी हवेने उडवा. भोकाच्या तळाशी पाणी राहिलं तर बोल्ट कसताना ते दाबलं जाऊन ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

पंपाबरोबर ओ-रिंग किंवा गॅस्केट आलं असेल तर वर सिलिकॉन लावू नका. ‘डबल सेफ्टी’ म्हणून लावलेलं सिलिकॉन आत पिळून निघतं, तुटतं आणि हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन अडकतं. पंप सिलिकॉनवरच बसवायचा असेल तर पातळ, अखंड रेघ पुरते, आणि ट्यूबवर लिहिलेला सुकायचा वेळ पाळल्याशिवाय कूलंट भरायचं नाही.

बोल्ट आडव्या-तिरप्या क्रमाने, दोन वेळा करून कसा. पंपाचे ६ मिलिमीटरचे बोल्ट साधारण ८ ते १२ न्यूटन-मीटरवर कसतात. नेमका आकडा त्या इंजिनाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या. हाताच्या अंदाजाने यात हमखास जास्त जोर लागतो आणि अॅल्युमिनियमचे आटे निघून येतात.

तपासा : प्रेशर टेस्टर मिळत असेल तर बेल्ट चढवायच्या आधी होज जोडून, कूलंट भरून, झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरा आणि १५ मिनिटं थांबा. पंप इथे गळला तर पाच बोल्टांचं काम. बेल्ट चढल्यावर गळला तर अख्खा दिवस.

टप्पा ७ : बेल्ट चढवणे

नवे आयडलर आणि टेन्शनर आधी लावा. हात पुसून घ्या, चाकांवर तेलाचा थेंब नको. बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने ठेवा.

सुरुवात क्रँकच्या चाकापासून. टेन्शनर नसलेली बाजू कायम ताणलेली ठेवत आयडलर, कॅम, पंप अशा मॅन्युअलमधल्या क्रमाने जा, टेन्शनर सगळ्यात शेवटी. सैल भाग फक्त टेन्शनरच्या बाजूला जमा व्हायला हवा. बेल्ट चढत नसेल तर स्क्रू ड्रायव्हरने रेटू नका. बहुधा टेन्शनर पूर्ण मागे गेलेला नसतो.

टेन्शनरचा काटा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या खाचेवर आणा आणि बोल्ट टॉर्क रेंचने कसा. काटा कोणत्या दिशेने फिरवायचा हे प्रत्येक इंजिनात ठरलेलं असतं. उलट दिशेनेही तो खाचेवर येतो, पण ताण खोटा असतो. ‘थोडा टाइट बरा’ हा समज सोडा. जास्त ताणलेला बेल्ट शिटीसारखा आवाज करतो आणि पंपाची बेअरिंग खातो.

आणखी एक जागा फार दुर्लक्षित आहे. डस्टरच्या इंजिनासारख्या काही इंजिनांत क्रँकच्या दातेरी चाकाला ‘की’ (चाक शाफ्टवर अडकवणारी खुंटी) नसते. चाक पुलीच्या बोल्टच्या दाबावरच पकडलेलं असतं. तिथे शाफ्ट आणि चाकाच्या बाजू तेलरहित पुसून, नवा बोल्ट लावून, आधी टॉर्क आणि मग अंश असे दोन्ही पाळावे लागतात. इम्पॅक्ट गनने कसलेला बोल्ट पुढे सैल झाला तर बेल्ट शाबूत असूनही टायमिंग सरकतं.

टप्पा ८ : हाताने दोन फेरे

पिना काढा. क्रँक पान्याने सावकाश पूर्ण दोन फेरे फिरवा. मध्ये कडक अडथळा लागला तर तिथेच थांबा. पिस्टन व्हॉल्व्हला टेकला आहे, जोर केला तर व्हॉल्व्ह वाकेल. मागे येऊन टायमिंग पुन्हा बसवा.

दोन फेऱ्यांनंतर पिना पुन्हा सहज आत गेल्या पाहिजेत आणि टेन्शनरचा काटा खाचेवरच असला पाहिजे. पिन जात नसेल तर हातोडीने ठोकू देऊ नका, एक दात चुकलेला आहे. काटा हलला असेल तर ताण पुन्हा लावा आणि परत दोन फेरे.

मालकाने हा टप्पा स्वतः पाहावा. पाचच मिनिटं लागतात. चावी खिशातून काढायची वेळ यानंतरची. त्याआधी आत एखादं फडकं किंवा पिन राहिली नाही ना, हे मोजून बघा आणि मग कव्हर, माउंटिंग, फॅन बेल्ट लावा.

टप्पा ९ : कूलंट भरणे आणि हवा काढणे

हीटरचा नॉब पूर्ण गरमकडे. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो उघडून कूलंट हळूहळू ओता, बुडबुडे थांबून सलग धार आली की बंद करा. इंजिन चालू करून रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत रिकामं चालू द्या. आतला हीटर गरम हवा देत नसेल किंवा तापमानाचा काटा अचानक वर चढत असेल तर आत हवा अडकली आहे. अशा वेळी इंजिन बंद करून पूर्ण थंड होऊ द्या, मगच झाकण उघडा. रात्रभर थंड झाल्यावर पातळी ‘मिनिमम’ आणि ‘मॅक्सिमम’च्या मध्ये करा.

टप्पा १० : पहिले हजार किलोमीटर

जुना बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि पंप पिशवीत घालून मागून घ्या, पार्ट बदलल्याचा तोच पुरावा. बिलावर मीटर, तारीख आणि पार्ट नंबर लिहून घ्या आणि तेच एका स्टिकरवर कव्हरवर चिकटवा. इनोव्हाच्या डॅशबोर्डवरचा टी-बेल्टचा दिवा रीसेट झाला आहे ना, ते पाहा. उलट जुनी इनोव्हा घेताना दिवा बंद आहे म्हणून बेल्ट नवा समजू नका, तो बेल्ट न बदलताही रीसेट होतो.

पहिला आठवडा रोज सकाळी थंड इंजिनावर कूलंटची पातळी बघा. थोडी उतरली तर उरलेली हवा निघाली असं समजून एकदा भरा. दुसऱ्यांदा उतरली तर गळती शोधा. सुरू करताना गुरगुर, रिकामं चालताना थरथर किंवा ताकद कमी वाटली तर गाडी तशीच दामटू नका, टायमिंग एक दात चुकल्याची हीच लक्षणं आहेत. बेल्टच्या बाजूने शिटी किंवा घरघर आली तर वरचं कव्हर उघडून टेन्शनरचा काटा पाहून घ्या.

पुण्या-नाशिकला जायचं असेल तर काम निघायच्या आदल्या दिवशी करू नका. परतीच्या वाटेवर सेंधव्याचा बिजासन घाट किंवा मानपूरजवळचा भेरू घाट भरल्या गाडीने चढताना अडकलेली हवा आणि पंपाची गळती दोन्ही उघडी पडतात, आणि तिथे जवळ गॅरेज नसतं. निदान दहा दिवस आधी काम करा, शहरात २००-३०० किलोमीटर चालवा, पातळी टिकली की मग घाटाकडे निघा.